वाघरीबाहेरच्या गारगोट्या

माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण चुकीचं आहे. चूक कुणाच्याही हातून होते, पण ही चूक मला प्रबंध सादर करायच्या महिनाभर आधी कळली होती. तरीही मी तो तसाच दिला, पदवी घेतली आणि पुढं अकरा वर्षं तोंडातून शब्द काढला नाही. मी मुळात कमी बोलणारा. घरात, संस्थेत सगळे तो माझा स्वभाव धरून चालायचे. त्या आडोशाला बरंच काही लपतं.

बाकीची पाच प्रकरणं खरी आहेत. भीमा आणि घोड यांच्या मधल्या पट्ट्यात पुराश्मयुगातली माणसं कुठं वावरली, दगड कुठून आणला, कुठं घडवला, हे मी पायी हिंडून नोंदवलं. त्या नकाशावरच्या प्रत्येक ठिपक्यावर मी गुडघे टेकलेले आहेत. आजची मुलं तो नकाशा घेऊन माळावर जातात आणि जिथं म्हटलंय तिथं त्यांना हत्यारं सापडतात. मला याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. चौथ्या प्रकरणाचं मात्र सगळं कधी सांगितलं नाही. ते आता सांगतो.

आमचं गाव दौंड तालुक्यात, भांडगावपासून आत. माझ्या लहानपणापर्यंत घरची मेंढरं होती. दिवाळी झाली की आबा आणि चुलते घोड्यावर बिऱ्हाड लादून निघायचे. भीमा ओलांडून शिरूरकडच्या माळांनी, केंदूरवरून घाटाकडं, आणि पाऊस लागायच्या आत परत. मग कालव्याचं पाणी आलं. आबांनी मेंढरं विकून ऊस लावला तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मला एवढंच आठवतं, की मला घोड्याच्या पाठीवर सामानावर दोरीनं बांधलेलं होतं आणि पुढ्यात कोंबड्यांची पाटी होती.

आईनं चार-दोन मेंढ्या ठेवल्या होत्या. शाळा सुटली की त्या माझ्याकडं. मेंढरामागं चालणारा माणूस समोर कमी बघतो आणि खाली जास्त बघतो. काटा असतो, साप असतो, कोकराच्या खुरात अडकेल असा खडा असतो. ती सवय पुण्यात कामी आली. पुरातत्त्वाच्या अभ्यासाला गेलो तेव्हा आमच्या मॅडमनी पहिल्याच फेरीत घोड नदीच्या काठी आम्हा सगळ्यांना मोकळं सोडलं आणि म्हणाल्या, "माणसानं घडवलेला दगड आणा." बाकीच्यांनी पिशव्या भरून आणल्या. मी एकच आणला. काळा, तळहातापेक्षा मोठा, बदामासारखा निमुळता, दोन्ही अंगांनी छिलके उडवून धार काढलेला.

मॅडमनी तो दोन्ही हातांत फिरवून बघितला. "कुठं मिळाला?"

"पायाखाली."

"सगळ्यांच्याच पायाखाली होता," त्या बाकीच्यांकडं बघून म्हणाल्या, आणि माझी हातकुऱ्हाड सगळ्यांच्या हातांतून फिरली. लाखो वर्षांपूर्वी कुणीतरी बसून ती घडवली होती आणि तिची धार माझ्या अंगठ्याला अजून लागत होती. पुढं मी अशा पुष्कळ बघितल्या, एक घरी मांडणीवरही आणून ठेवली. पण त्या दिवशी नदीकाठी जी छाती भरून आली, तशी पदवीच्या दिवशीही आली नाही.

वसतिगृहात मात्र पहिल्याच आठवड्यात एकानं विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हणालो, "बागायतदार आहेत." दीड एकर ऊस होता, तेव्हा अगदीच खोटं नव्हतं. मेंढरांचं मी गिळलं. एकदा गिळल्यावर ते वर काढायची वेळ कधी येईना. एका दिवाळीत तोच मित्र आमच्या घरी जेवायला आला आणि आबांना म्हणाला, "तुम्ही मोठे बागायतदार ना, आबा?" आबांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग चुलीमागच्या कोपऱ्याकडं, जिथं गुंडाळलेली जुनी घोंगडी होती. "व्हय," ते म्हणाले, "लई मोठा. पार कालव्यापतुर." आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

चौथ्या प्रकरणातला तो माळ मला नव्वदच्या दशकात, प्रबंधाच्या तिसऱ्या वर्षी सापडला. आमच्या बाजूनं भीमा ओलांडली की तासाभराच्या वाटेवर, शिरूर तालुक्याच्या हद्दीत. उघडा, कुसळीचा, एका अंगाला ओढा. तिथं दुधी रंगाच्या गारगोट्यांची लांबट पाती आणि छिलके पडलेले होते, एक-दोन नव्हे, दोनशेच्या वर. शिवाय ते वाटेल तसे विखुरलेले नव्हते. कोयत्याच्या पात्यासारख्या बाकात ओळीनं पडले होते, आणि बाकाच्या आतली जागा मोकळी होती. पुष्कळ पात्यांचे काठ उंदरानं कुरतडल्यासारखे बारीक तुटलेले होते. असे काठ म्हणजे धार मुद्दाम घडवल्याची खूण, असं आम्ही शिकलो होतो.

मी उन्हात तसाच उभा राहिलो. पुराश्मयुगाच्या शेवटच्या टप्प्यातला तळ. माणसांनी वाऱ्याला आडोसा उभारला असणार, त्याच्या कडेला बसून हत्यारं घडवली असणार, म्हणून हा बाक. आडोशाच्या फांद्या कुजून गेल्या आणि दगड राहिले. आपल्या भागात असं कुणाला मिळालं नव्हतं.

त्या हिवाळ्यात मी आणि बरोबरच्या दोघांनी तिथं खिळे ठोकून दोऱ्या ताणल्या, मीटर-मीटरचे चौकोन पाडले, प्रत्येक गारगोटीची जागा आलेखाच्या कागदावर मांडली आणि मगच ती उचलली. दगडावर नंबर घालायचा तर आधी बिनरंगाचं नेलपॉलिश लावावं लागतं, त्यावर शाईनं आकडा आणि वरून पुन्हा एक हात. दौंडच्या बाजारातल्या दुकानदाराकडं मी एकदम सहा बाटल्या मागितल्या.

"बिनरंगाचं वहिनींना आवडायचं न्हाई," तो म्हणाला.

"दगडांना लावायचंय."

त्यानं मला नीट न्याहाळलं. "मग गुलाबी तरी न्या."

ते दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. आमच्या नोंदी इतक्या काटेकोर होत्या की आजही त्या कागदावरून कोणती गारगोटी कुठं पडलेली होती ते बोट ठेवून सांगता येतं. पुढं खरं काय ते उलगडलं, तेही त्या काटेकोरपणामुळंच. एवढं श्रेय मी स्वतःला देतो.

काम संपत आलं तेव्हा मॅडम परदेशातून आलेल्या एका प्राध्यापकांना घेऊन जागा बघायला आल्या. पाहुण्यांनी घरचं जेवावं ही आईची हौस. चुलतभाऊ वडापच्या जीपनं भाकरी घेऊन येईल असं ठरलं होतं. मी पाहुण्यांना इंग्रजीतून आडोशाचं सांगत होतो, वारा कुठून येत असेल ते हातानं दाखवत होतो. तेवढ्यात माळावरून येताना आबा दिसले. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं.

मॅडमनी विचारलं, "हे कोण?"

मी म्हणालो, "गावातले एक मामा आहेत. जेवण घेऊन आलेत."

आबा तेव्हा दहा पावलांवर होते. त्यांच्या कानाला काही झालेलं नव्हतं. ते न थांबता तसेच आले, गाठोडं बाभळीखाली ठेवलं आणि दोरीपाशी येऊन वाकले. चौकोनात अजून न उचललेल्या सात-आठ गारगोट्या होत्या. त्या बघून त्यांचा चेहरा उजळला. "आरं, ह्या तर—"

"मामा, दोरीच्या आत येऊ नका," मी म्हणालो. "तिकडं सावलीला बसा."

ते सरळ झाले. "व्हय साहेब. चुकलं."

त्यात टोमणा नव्हता. पोरानं दिलेली भूमिका त्यांनी नीट पार पाडली, इतकंच. त्यांनी सगळ्यांना वाढलं. मॅडमनी पाण्यापावसाचं विचारलं, त्याला जपून उत्तरं दिली. स्वतः बाजूला बसून जेवले. जाताना मॅडमना आणि पाहुण्यांना नमस्कार केला, आणि मला म्हणाले, "येतो साहेब."

मी मान हलवली. माझ्या बापानं मला साहेब म्हटलं आणि मी मान हलवली.

आठ-दहा महिन्यांनी, प्रबंध बांधणीला देऊन, मी निवांत घरी गेलो. आबा उसाला पाणी देत होते. मी बांधावर बसलो. कमी बोलायचा गुण मला त्यांच्याकडूनच आलेला आहे. मग दारं मोडून पाणी पुढच्या सरीत वळवता वळवता त्यांनी विचारलं, "त्या गारगोट्या कितीक जुन्या म्हणत व्हतास त्या पाहुण्याला?"

"वीस-पंचवीस हजार वर्षं असतील."

आबा फावड्यावर दोन्ही हात ठेवून हसले. "मी येवढा म्हातारा दिसतो व्हय?"

मला कळेना. ते गोठ्याकडं गेले आणि एक चामड्याचा काळा पडलेला बटवा घेऊन आले. त्यात लोखंडाचा वाकवलेला तुकडा होता, जळक्या कापसाची पुडी होती आणि एक दुधी गारगोटी. चकमक. मी ती लहानपणी कधीतरी पेटीत बघितली असेल, पण आबा बिडी आणि काडीपेटीवर आले त्याला तोवर जमाना झाला होता. त्यांनी गारगोटी चिमटीत धरली, कापूस वर दाबला आणि लोखंड सरकन ओढलं. तिसऱ्या झटक्याला ठिणगी कापसावर बसली.

"माळावर काडी टिकत न्हाई, वारं इझवतं," ते म्हणाले. "हिला वारं लागलं तर आनखी फुलती." आणि गारगोटी माझ्या हातात दिली.

तिचा काठ उंदरानं कुरतडल्यासारखा बारीक तुटलेला होता.

"तितं आमचा तळ पडायचा," आबा सांगू लागले. "साल चुकलं न्हाई. वाघर लावली की मेंढरं आत आन् आमी भाईर. लांडगं यायचं वड्याकडनं, म्हनून आमी बी वड्याच्याच अंगाला बसायचो, वळीनं. चिलमीवर जागायचो." फावड्याच्या टोकानं त्यांनी चिखलात रेघ ओढली. मेंढरं कोंडायच्या जाळीची, वाघरीची ती गोल कड. तिच्या बाहेरून एका बाजूनं माणसं. माझ्या आलेखाच्या कागदावर होता तोच बाक, त्याच दिशेला तोंड केलेला.

"गारगोट्या कुठल्या?" मी विचारलं.

"वड्यातल्या. तितं आयत्याच मिळत्यात, कुणी घडवून ठिवल्यावानी, पातळ, लांबट. हातात बऱ्या बसत्यात. काठ बोथाटला की टाकायची, दुसरी घ्यायची." मग त्यांना आणखी काहीतरी आठवलं. "काळ्या बी हाईत तितं, मोठाल्या, तू त्यो मांडणीवर ठिवलाय तसल्या. पण त्यात आग न्हाई."

म्हणजे दगड खरेच जुने होते. अश्मयुगातल्या माणसांनीच ती पाती काढली होती, पण ओढ्यात. तिथून ती माळावर आणली आबांनी, चुलत्यांनी, त्यांच्या बापांनी. काठ कुरतडले ते चकमकीच्या लोखंडानं. माझा आडोसा म्हणजे वाघर होती. ज्या धंद्याचं नाव मी पुण्यात काढत नव्हतो, त्याच्याच खुणा मी वर्षभर मीटरपट्टीनं मोजत बसलो होतो.

"आबा, हे कुणाला बोलू नका," मी म्हणालो.

"मी कुनाला बोलतोय? मला तर दोरीच्या आत बी येऊ देत न्हाईत." त्यांनी फावडं उचललं. "तू सांग. तुजं काम हाय त्ये."

"सांगीन."

मी सांगितलं नाही. प्रबंध टंकलिखित होऊन बांधणीला गेला होता, मॅडमनी दोन ठिकाणी त्या प्रकरणाचं कौतुक केलं होतं, ही कारणं मी स्वतःला देत राहिलो. खरं कारण साधं होतं. हे तुला कसं कळलं, असा पहिला प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर त्या दिवशी भाकरी घेऊन आलेल्या माणसापाशी जाऊन थांबत होतं. आबा ओढ्याबद्दल जे म्हणाले त्याचाही मी पाठपुरावा केला नाही. ओढ्यात गेलो असतो तर माळाचं उत्तर द्यावं लागलं असतं.

पदवी मिळाल्यावर गावानं शाळेत सत्कार केला. एका चित्रकारानं माझ्या तळाचं मोठं चित्र काढलं होतं: वाऱ्याला लावलेल्या फांद्यांचा बाक, मधे विस्तव, आणि भोवती कातडी गुंडाळलेली बायामाणसं. त्याची प्रत मी शाळेला भेट दिली. सरपंच म्हणाले की मेंढरं राखणाऱ्या घरातला पोरगा डॉक्टर झाला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या वाक्यानं मी शरमेनं खाली बघितलं. आबा पहिल्या रांगेत बसले होते, इस्त्रीच्या सदऱ्यात. ते पार ताठ बसले होते.

कार्यक्रमानंतर ते चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मी जवळ गेलो.

"चित्र झ्याक काढलंय," ते हळूच म्हणाले. "पर तुजी मानसं मेंढरांच्या जागंवर बसल्यात."

त्या एका वाक्याशिवाय अकरा वर्षांत त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

मला संस्थेत नोकरी लागली. माझा नकाशा लोक वापरू लागले. नवीन ठिकाणं सापडत गेली, त्यांतली बहुतेक मी म्हणालो होतो त्याच पट्ट्यात. बाहेरून पत्रं येत. प्रत्येक पत्रात कुठंतरी तो आडोसा असायचा, आणि तिथं आलं की माझं वाचन अडायचं. दर वेळी वाटायचं, पुढच्या लेखात एक तळटीप टाकू. तळटीप लिहायला बसलो की ती 'स्थानिकांच्या म्हणण्यानुसार' अशी सुरू व्हायची. मग मी ती फाडायचो.

दोन हजार सालानंतर संस्थेत एक संशोधक आली, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, कामाला वाघ. दगडांच्या काठांवर कशाच्या वापराच्या खुणा राहतात ते ती सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. माझ्या माळावरच्या गारगोट्या तिनं साठ्याच्या खोलीतून मागवून घेतल्या. आठवड्यानं ती माझ्या टेबलाशी आली.

"सर, काठांवर लोखंड दिसतंय. जवळजवळ सगळ्यांवर. तुटलंय तिथंच, बाकी अंगावर नाही."

"मातीतलं असेल," मी म्हणालो. "तिकडची माती तांबडी आहे."

"हो का?" तिनं वहीत लिहून घेतलं. "मग तसंच मांडते. तुम्ही ती जागा बघितली आहे, मी नाही."

तिचा माझ्या शब्दावर पूर्ण विश्वास होता. आता माझं खोटं तिच्या नावावर छापलं जाणार होतं. दोन दिवस मी नीट जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "ते मातीचं लिहू नका. रविवारी माझ्याबरोबर दौंडला चला. एका माणसाला भेटायचंय."

आबा थकले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, जाड चष्मा लागलेला. ओसरीवर बसले होते. मी तिला समोर बसवलं आणि म्हणालो, "हे माझे वडील. त्या दगडांवरचं लोखंड यांचं आहे."

मग मी सगळं सांगितलं: माळ, वाघर, ओढा, भाकरीचं गाठोडं, मामा. आईनं आतून ऐकलं. तिला ते मामाचं माहीत नव्हतं. सांगताना मी आबांकडं बघितलं नाही. संपल्यावर आबा म्हणाले, "येवढं बोलताना मी ह्येला पहिल्यांदा ऐकतोय." आणि आईला हाक मारून म्हणाले, "बटवा आन गं."

त्यांचे हात कापत होते, पण लोखंड गारगोटीवर आलं की कापणं थांबायचं. चौथ्या झटक्याला कापूस पेटला. माझ्याबरोबर आलेल्या संशोधिकेनं तो काठ आधी आणि नंतर, दोन्ही वेळा भिंगातून बघितला. "हाच," ती म्हणाली. "अगदी हाच."

"आनखी बगायचं असंल तर वड्यात चला," आबा म्हणाले. "काळ्या दावतो."

दुपारी जीप करून आम्ही तिघं नदीपलीकडं गेलो. आबांना ओढा ओळखू येईना. मलाही येईना. रस्त्याच्या भरावासाठी कुठल्याशा कंत्राटदारानं काठ खणून मुरूम नेला होता. जिथं काठ असायला हवा होता तिथं ट्रक उभा राहील एवढा खड्डा होता. पलीकडं थोडी दरड शिल्लक होती, गोट्यांचा थर दगडासारखा घट्ट झालेला. आबा बांधावर बसले आणि काठीनं दाखवत राहिले, "तितं बग. न्हाई, जरा खाली." त्या थरात, अर्धी बाहेर आलेली, एक हातकुऱ्हाड होती. हात लावायच्या आधी आम्ही तिची जागा मोजली. तशाच आणखी दोन मिळाल्या, आणि त्याच्या वरच्या थरात दुधी पाती, न कुरतडलेल्या काठांची. माझ्या सबंध प्रबंधात एवढं महत्त्वाचं ठिकाण नव्हतं. त्याचा मोठा भाग रस्त्याखाली गेला होता, आणि ते मला अकरा वर्षांपूर्वी फावड्यावर हात ठेवून कुणीतरी सांगितलेलं होतं. हे एक मला कधीच भरून काढता येणार नाही.

त्या महिन्यात मी चौथ्या प्रकरणाची दुरुस्ती लिहिली. 'स्थानिकांच्या म्हणण्यानुसार' असं लिहिलं नाही. पहिल्याच ओळीत लिहिलं, की ही माहिती माझ्या वडिलांनी प्रबंध सादर होण्याआधी मला दिली होती आणि मी ती दडवली. छापायला देण्याआधी तो कागद घेऊन मॅडमकडं गेलो. त्या निवृत्त होऊन घरी असायच्या. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"भाकरी घेऊन आलेले ते मामा?"

"माझे वडील."

"ते मला तेव्हाच कळलं होतं. माळावरून येताना तुम्ही दोघं एकसारखे चालता, खाली बघत." त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला. "दगडांचं मात्र कळलं नाही. ते मला कळायला हवं होतं." मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला काम सोडायला सांगतील असं वाटतंय का?"

"वाटतंय."

"वाटू दे. छापा."

कुणी काम सोडायला सांगितलं नाही. काही जण माझ्याशी मोजकं बोलू लागले, एकानं भर सभेत विचारलं की बाकीच्या प्रकरणांचं काय. मी म्हणालो, जाऊन तपासा. दोघं-तिघं खरंच गेले, महिनाभर हिंडले. एकही ठिपका हलला नाही. त्या संशोधिकेनं चकमकीच्या काठांवर जे काम केलं, त्यावरून आता दुसरीकडचे लोकही आपापले जुने तळ पुन्हा तपासतात. तिच्या लेखाच्या सुरुवातीला आबांचं पूर्ण नाव आहे. मी ते त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "बापाचं नाव बी घातलंय का मदी?" घातलं होतं. तेव्हा समाधान झालं.

चकमक संस्थेला द्यायची हे त्यांनीच ठरवलं, आणि पोरांच्या हाती पाठवणार नाही, स्वतः येईन म्हणाले. साठ्याच्या खोलीत माळावरच्या गारगोट्यांचे ट्रे टेबलावर काढून ठेवले होते. मी लोखंडाच्या तुकड्याला नेलपॉलिश लावायला घेतलं.

"ह्येला बी?" आबा म्हणाले.

"सगळ्यांना लागतं."

नंबर त्या गारगोट्यांच्या पुढचाच पडला, त्याच ठिकाणाचा, शेवटचा. कारकून नोंदवही उघडून बसला होता. वस्तू, ठिकाण, आणि मग देणाऱ्याचं नाव आणि व्यवसाय. नाव लिहून त्यानं वर बघितलं. "व्यवसाय काय लिहू?"

आबांनी जाड भिंगातून माझ्याकडं बघितलं. "बागायतदार लिवा," ते म्हणाले. "ह्येला त्येच आवडतं."

मी कारकुनाच्या हातातून पेन घेतलं आणि त्या रकान्यात लिहिलं: मेंढपाळ. शेजारी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, संशोधकाचे वडील. मग वही त्यांच्याकडं फिरवली.

"वाचून दाव."

मी वाचून दाखवलं.

आबांनी ट्रेमधल्या गारगोट्यांवरून एकदा हात फिरवला. त्यांना कुणी अडवलं नाही. "म्हंजी आता दोरीच्या आत आलो म्हनायचं," ते म्हणाले, आणि दौंडच्या गाडीला किती वेळ आहे ते विचारलं.